भरमूअण्णाच्या छातीतलं यंत्र

निपाणी, १४ सप्टेंबर २०२५

आदर्श,

तुझ्या भरमूकाकाच्या छातीत जे यंत्र आहे त्याबद्दल लिहितो आहे. दुसऱ्या कशाबद्दल नाही.

अण्णाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा कंग्राळीहून रिक्षाने बेळगावात डायलिसिसला जातो. बरोबर मालुवहिनी असते, शनिवारी मी निपाणीहून एसटीने जातो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डायलिसिस सुरू आहे तोवर ते आहेत. पण छातीत जे बसवलंय त्याचं मागाहून काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. मला विचारू नका. मी ते पहिल्यांदाच पाहतोय."

तुला लहानपणी तो शर्टाची बटणं काढून ती गाठ दाखवायचा. "हात लाव रं, ह्यो कारखाना हाय. तुझ्या नातवाच्या लग्नापत्तोर चालंल." तू कान लावून बसायचास. तिथूनच तुझ्या डोक्यात अणूचं खूळ शिरलं, असं मी पुढे सभांतून सांगत आलो. लोक हसायचे. एका सभेत तू मागे उभा होतास हे मला नंतर कळलं. "माझ्या घरातला एक माणूस कमी झाला, तो अणुभट्टीला दिला" हे वाक्य त्याच सभेतलं. ते मी मागे घेणार नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगितलं, यंत्राबद्दल लिहितो आहे.

तुला माहीत नसलेलं तेवढं सांगतो. अण्णा बोटीवर खलाशी होता. ऐन तरुणपणी एका परक्या बंदरात डेकवर कोसळला. तिथल्या डॉक्टरांनी हिशेबाने विचार केला. हा वर्षातले दहा महिने समुद्रावर असणार. साधा पेसमेकर बसवला तर दोन-तीन वर्षांत सेल संपणार, आणि तेव्हा हा कुठल्या पाण्यावर असेल कुणास ठाऊक. म्हणून प्लुटोनियमवर चालणारा बसवला. गळ्यात एक बिल्ला दिला: हा माणूस मेला तर यंत्र काढून आम्हाला पाठवा, जाळू नका, पुरू नका. खाली फोन नंबर. तो नंबर मी लावून पाहिला. तसा नंबरच आता नाही. यंत्र बनवणारी कंपनी तू जन्मायच्या आधीच बंद पडली होती.

आता मला सांग, ज्या द्रव्याला निम्मं व्हायला अठ्ठ्याऐंशी वर्षं लागतात ते तुमच्या शास्त्राने एका गरीब खलाशाच्या छातीत ठेवलं, आणि त्याची जबाबदारी घेणारी कंपनी दहा-पंधरा वर्षंही टिकली नाही. माझी लढाई त्या धातूशी कधीच नव्हती. माझी लढाई ह्या अशा वचनांशी आहे, जी देणारा घेणाऱ्याच्या आधी मरून जातो.

अण्णाला ह्यातलं काही नको आहे. त्याचं म्हणणं एवढंच, "मला गावच्याच मसणात न्या, आई-बाच्या शेजारी. भाऊबंदांनी खांदा द्यायचा. आन ते यंत्र ज्येचं हाय त्येला परत करा. मी कुणाचं काय ठिवून घेतलेलं न्हाय."

अर्ज कुणाकडे करायचा ते कळव. उत्तर आईच्या फोनवर दिलंस तरी चालेल.


निपाणी, ५ ऑक्टोबर २०२५

आदर्श,

तुझा निरोप मिळाला. आईने स्वयंपाकघरातून मोठ्याने सांगितला, मी बाहेरच्या खोलीत ऐकला. जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज, त्याला डॉक्टरांचं पत्र आणि बिल्ल्याचा फोटो जोडायचा. तिथून तो किरणोत्सारी वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या खात्याकडे जाईल, मग वेळ येईल तेव्हा माणसं येऊन यंत्र नेतील. "आणि आप्पांना सांग, गाजावाजा करू नका. अणू शब्द ऐकला की लोक घाबरतात, आणि घाबरलेल्या लोकांना मग काही समजावता येत नाही." आईने हे वाक्य दोनदा सांगितलं. बहुधा तूही दोनदा सांगितलं असशील.

डायलिसिस उरकून अण्णाला रिक्षातच बसवलं आणि मी कार्यालयात गेलो. टपाल घेणाऱ्याचं नाव विनोद. वडगावचा, घरात माग आहेत. माझी भाषणं ऐकत मोठा झालाय, म्हणून उठून उभा राहिला. अर्ज पाहिला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, हे मराठीत हाय."

"मग कशात पाहिजे?"

"घरात मी बी हेच बोलतो की. पर हितं कन्नडात नसलं तर कागद फुडं सरकत न्हाय. द्या, मीच लिवून देतो. तुमी नुसती सही करा."

आदर्श, माझ्या वडिलांनी सीमाप्रश्नावर तुरुंग पाहिला. मी पाहिला. सातबारा आपल्या भाषेत मागितला म्हणून आपल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या. माझं कन्नडाशी वैर नाही, मी त्यातले ग्रंथ मुळातून वाचलेत, तुला ठाऊक आहे. पण आयुष्यभर ज्यांना "अर्ज मराठीतच द्या" म्हणून सांगितलं, त्यांच्यातल्या कुणी मला दुसऱ्याच भाषेत अर्ज लिहवून घेताना पाहिलं तर मी काय तोंड दाखवायचं? मी म्हणालो, "घ्यायचा तर हाच घे, नाहीतर लेखी नकार दे." त्याने दोन्ही केलं नाही. कागद टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितं. तुमचं मन बदललं तर या."

बाहेर आलो तर अण्णा रिक्षात हसत होता. वहिनीने खिडकीतून सगळं ऐकून त्याला सांगितलं होतं.

"दिला न्हाईस न्हवं?"

"नाही."

"लहानपणापास्नं असाच हाईस. जेवायला वाढल्यालं ताट बी तुला वाद घालूनच पायजे."

मी मराठीतला अर्ज रजिस्टर टपालाने पुन्हा पाठवला आहे. वाट पाहतो आहे.


निपाणी, २ नोव्हेंबर २०२५

आदर्श,

अर्जाला उत्तर आलं नाही. काल एक नोव्हेंबर, सीमाभागाचा काळा दिवस. निपाणीत सभा होती. दंडावर काळ्या फिती, समोर विडी वळणाऱ्या बाया, तरुण पोरं, भगवे फेटे. मी दरवर्षी तेच बोलतो, तेच ऐकायला लोक येतात, आणि दरवर्षी थोडे कमी येतात. तू हे मला सांगितलं होतंस तेव्हा मी रागावलो होतो.

काल मी वेगळं बोललो. बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. मध्येच पोरांचं लक्ष मोबाइलकडे गेलेलं दिसलं आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्या सख्ख्या भावाच्या छातीत प्लुटोनियम आहे." सगळ्या माना वर आल्या. इतकी शांतता मी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. मग मी थांबलो नाही.

म्हणालो, "ज्या धातूचे बॉम्ब होतात तो धातू कंग्राळीच्या एका घरात, एका म्हाताऱ्याच्या बरगडीला टेकून बसलाय. उद्या तो मेला, चितेवर गेला, तर त्याला कोण जबाबदार? ज्या देशाने बसवलं तो देश विचारत नाही. इथलं सरकार म्हणतं, तुमच्या भाषेत सांगू नका. अरे, मरण तरी कुठल्या भाषेत येतं ते सांगा. आम्ही कुठल्या राज्यात आहोत हे ज्यांना सत्तर वर्षांत ठरवता आलं नाही, ते आमच्या छातीतला अणू कुठल्या फायलीत ठेवणार?"

टाळ्या थांबेनात. बाया रडत होत्या. व्यासपीठावरून उतरताना एका तरुणाने माझे पाय धरले. व्हिडिओ रात्रीतच सगळीकडे गेला म्हणतात. आता त्यांना दखल घ्यावीच लागेल.

तू गाजावाजा करू नका म्हणाला होतास. पण शांतपणे मागून ह्या सीमेवर कुणाला काय मिळालंय?


निपाणी, ११ नोव्हेंबर २०२५

आदर्श,

दखल घेतली गेली. कशी ते सांगतो.

कंग्राळीत पहिल्यांदा दूध थांबलं. वहिनीच्या दोन म्हशींचं दूध डेअरीवर घेत नाहीत. "मशीन खराब हाय" म्हणाले, पण शेजारणीच्या किटल्या त्याच मशीनवर मोजल्या. मग घरी येणारं माणूस थांबलं. आपला चुलतभाऊ शामू, ज्याचं-आपलं रान एका बांधाला लागून आहे, तो दारातूनच बोलला. मी तिथंच होतो.

"परशाअण्णा, तुमीच सांगितलासा न्हवं, बॉम्बचा धातू हाय म्हणून? माझी सून पोटुशी हाय."

"शामू, तो काही उघड्यावर नाही. टायटॅनियमच्या डबीत बंद आहे. एवढी वर्षं वहिनी शेजारी झोपतीय, तिला काय झालं?"

"मग भाषणात का न्हाय सांगितलासा हे?"

तूही आईला फोनवर हेच विचारलंस. बॉम्बचं प्लुटोनियम वेगळं, हे वेगळं, आप्पांना माहीत नाही का? आदर्श, मला माहीत आहे. तुझ्याशी भांडता यावं म्हणून ह्या विषयावरची एवढी पुस्तकं मी वाचली आहेत की तुझ्या अणुकेंद्राच्या वसाहतीत शिकवणी घेऊ शकेन. पण समोर माणसं माना वर करून बसली होती, आणि खरं वाक्य लांब होतं.

ह्याहून वाईट पुढे आहे. शनिवारी डायलिसिसला गेलो तर दारातच थांबवलं. बाकीच्या पेशंटांच्या नातेवाइकांनी आदल्या दिवशी गोंधळ घातला होता. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "साहेब, आमचा स्टाफ कामावर यायला तयार नाही. ह्यांच्यापासून कुणाला धोका नाही असं अधिकृत पत्र आणा, त्याच मिनिटाला घेतो." मी आवाज चढवला. अण्णाने माझी बाही ओढली. "चल रं. बिचाऱ्याची नोकरी जाईल."

काल सोमवारी कार्यालय उघडताच तिथं गेलो. विनोदने काचेखालचा माझा कागद काढला, शेजारी कोरा ठेवला आणि कन्नडात लिहू लागला. मी शब्द सांगत होतो, धोका नसल्याच्या पत्राची मागणीही त्यात घातली, तो लिहीत होता. खाली सही केली. मराठीत की कन्नडात, तेही त्याने विचारलं नाही आणि मी पाहिलं नाही.

"हे महिन्यामागं दिला असतासा तर आतापत्तोर उत्तर आलं असतं, आप्पा," तो म्हणाला. "आता सायबांनी व्हिडिओ बघितलाय. फाइल पोलिसांकडनं फिरून जाणार."

तुझ्या खात्यात तुझ्या ओळखीचं कुणी असेल. मी आजवर ओळखीने काही मागितलं नाही. आता मागतो आहे. डायलिसिसला घ्यावं एवढं एक पत्र. कोल्हापुरातल्या दोन ठिकाणीही विचारलं, त्यांनीही तेच पत्र मागितलं. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता.


कंग्राळी, १९ नोव्हेंबर २०२५

आदर्श,

मी इथंच राहायला आलो आहे. अण्णाचे पाय सुजलेत, पाणी फुफ्फुसात चढलंय, उशांना टेकून बसूनच झोप. यंत्र आपलं चालूच आहे. हाताला ठोके लागतात, अगदी एका तालात. बाकी सगळं शरीर थकून खाली बसलंय आणि हे एकटं कामावर आहे.

काल त्याला बोलायची तरतरी आली.

"भाषण बघितलं रं तुझं. पोरांनी मोबाइल खिडकीतनं दाखवला. लई झकास बोललास."

मी त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"मला बी टाळी वाजवावी वाटली. मग ध्येनात आलं, ह्यो माझ्यावरच बोलाय लागलाय." दम घेऊन म्हणाला, "परशा, त्या भाषणात भरमू कुठं हुता? मला दिसला न्हाय. बोटीवरचा न्हवता, मालूचा न्हवता, आपल्या आईचा न्हवता. नुसती छाती हुती."

मी म्हणालो, "अण्णा, तुझ्यासाठीच बोललो रे."

"व्हय, व्हय. माझ्यासाठीच." आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पाणी विचारलं तर वहिनीच्या हातचं मागितलं.

तू आईला म्हणालास की पत्राचं काम तू हातात घेतलं आहेस, अर्ज मुंबईला पोचला आहे आणि तिथले लोक समजूतदार आहेत. असतील. मी आजवर त्यांच्यातल्या एकालाही भेटलो नाही, फक्त त्यांच्याविरुद्ध बोललो.

गावच्या पंचांची काल बैठक झाली. अण्णा गेला तर गावच्या स्मशानात आणायचा नाही असं ठरलं. यंत्र काढून घेतलं तरी नाही. मी उभा राहून समजावलं. यंत्र काढलं की शरीरात काही उरत नाही, डबी आगीतही फुटू नये अशीच बनवलेली असते, फक्त ती हरवू नये, भंगारात जाऊ नये, म्हणून नियम आहे. अर्धा तास शांतपणे, एकही चढा शब्द न वापरता बोललो. खरं सांगतो, आयुष्यात इतकं अचूक मी कधी बोललो नव्हतो. शामू मध्येच म्हणाला, "त्या दिवशीचं खरं की आजचं खरं?" आणि माणसं उठून गेली.

ही बातमी मी अण्णाला सांगितलेली नाही.


निपाणी, २७ नोव्हेंबर २०२५

आदर्श,

आईने तुला सगळं सांगितलं आहे. तरी मी लिहितो, कारण ती तिथं नव्हती.

सोमवारी सकाळी पत्र आलं. विनोद स्वतः स्कूटरवरून कंग्राळीला घेऊन आला. ह्या रुग्णापासून डायलिसिसच्या कर्मचाऱ्यांना वा इतर रुग्णांना कोणताही धोका नाही, उपचार नाकारू नयेत. चार ओळी, स्वच्छ, सही-शिक्क्यानिशी. तारीख पाहिली. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसही लागले नव्हते, आणि त्यातले निम्मे फाइल इथल्या इथे फिरण्यात गेले होते. मी ते घेऊन आत गेलो तेव्हा अण्णाला हाक ऐकू येत नव्हती. अॅम्ब्युलन्समध्ये घातलं. आता सेंटरवाल्यांनी दार उघडलं, मॅनेजर स्वतः स्ट्रेचर ढकलायला आला. मशीनवर घेण्याइतका रक्तदाब राहिलेला नव्हता. दुपारी गेला.

डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली तरी पडद्यावर त्या यंत्राच्या बारीक रेघा उमटत होत्या. वहिनीने विचारलं, "अजून चालतंय न्हवं हो?" डॉक्टर म्हणाले, "ते चालतंय, बाई. ते नाहीत."

तू पाठवलेली माणसं दुसऱ्या दिवशी आली. दोघंजण, गाडीत शिशाचा डबा. एक मुंबईचा, मितभाषी. दुसरा तुझ्याच वसाहतीतला, तमिळ, तुझ्याहून लहान. तू रजा काढून येतोस म्हणालास आणि आईने "आत्ता नको" म्हणून सांगितलं, हे मला माहीत आहे. तिने बरोबर केलं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा.

शवागारात सर्जनने छेद घेतला, यंत्र काढलं, पुन्हा टाके घातले. एका काडेपेटीहून थोडी मोठी डबी. त्या तमिळ मुलाने मीटर धरला, मला जवळ बोलावून आकडा दाखवला, मग इंग्रजीत म्हणाला, "पाहा, काही नाही." डबी शिशाच्या डब्यात, डब्याला सील, माझी सही. सगळं अर्ध्या तासात. ज्याच्यासाठी मी अडीच महिने पेटलो होतो ते काम इतकं साधं होतं.

कंग्राळीच्या स्मशानाचा रस्ता बंदच होता. शामू फोनवर म्हणाला, "मनात असून बी येता यीना रं, पोरं ऐकत न्हाईत." बेळगावातल्या सार्वजनिक स्मशानात न्यायचं ठरवलं. निपाणीहून आपल्या बाया बस करून यायला निघाल्या होत्या. वहिनीनेच फोन करून त्यांना थांबवलं. तिला माझी माणसं नको होती. विनोद आला, अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर थांबला. खांद्याला चौघं लागतात. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत होतो तेव्हा त्या तमिळ मुलाने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं, चपला काढल्या आणि चौथ्या बाजूला येऊन उभा राहिला. मुंबईचा अधिकारी डब्याजवळ बसून होता, त्याला ती जागा सोडता येत नव्हती.

मालुवहिनीने लांबूनच पाहिलं. अग्नी मी दिला. अण्णाला मूल नाही, तुला तो आपलं म्हणायचा.

आपल्याकडे सरण पेटलं की परतण्याआधी कुणीतरी दोन शब्द बोलतं. ह्या भागात किती सरणांसमोर मी बोललो असेन ते मलाही सांगता येणार नाही. माणसं मला बोलवायलाच यायची, की अमका गेला, तुम्ही बोललासा म्हणजे त्याचं सोनं होईल. सवयीने मी पुढे झालो, घसा साफ केला. समोर तीन माणसं होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. पहिलं वाक्य तयार होतं. बंदर, डेक, आई, मालू, सगळं त्यात आलं होतं.

वहिनी मागे येऊन म्हणाली, "भावजी, तुमी नगा बोलू."

आवाजात राग नव्हता. तान्ह्या पोराला उठवू नका म्हणून सांगावं तसं म्हणाली.

मी मागे सरलो. लाकडं नीट पेटली होती, अडथळा काहीच नव्हता. थोड्या वेळाने तो मुलगा माझ्याजवळ आला आणि अदबीने विचारलं, तुमच्याकडे आता काही बोलायची पद्धत असते का? असेल तर मी थांबतो, समजलं नाही तरी ऐकतो.

नाही, असं मी त्याला सांगितलं. आमच्याकडे अशा वेळी कुणी काही बोलत नाही.